कपाटामागची वीत

शाळेच्या ग्रंथालयातील लाकडी कपाटे भिंतीला टेकलेली नव्हती. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये सर्वत्र सारखी एक वीत जागा सोडलेली होती, आणि प्रत्येक कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या वाट्यांत उभे होते; पाण्यावर रॉकेलचा पातळ तवंग असे. ही वीत ग्रंथपालाने स्वतःच्या पंजाने मोजून सोडली होती, आणि त्याच्या मवाळ स्वभावाला जर कोठे धार असेल तर ती या वितीपाशी होती. झाडणाऱ्या बाईने तेथे केरसुणी टेकवली, किंवा एखाद्या शिक्षकाने गुंडाळलेला नकाशा उभा केला, की तो जागेवरून उठे, ती वस्तू दोन बोटांनी उचलून बाहेर आणी आणि म्हणे, “वाळवीला शिडी लावून देता का?”

शिपाई यावर दरवेळी एकच बोलत असे. “कपाटांच्या पायात वाट्या, आणि आमच्या पायात धड चप्पल नाही. पुढच्या जन्मी कपाट व्हावं माणसानं.”

त्या वर्षी पाऊस हटत नव्हता. कांदे भुईतल्या भुईत सडले होते, शेतावरून येणाऱ्या मुलांच्या अंगाला त्या सडक्या कांद्यांचा वास येई, आणि ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीवर बोट ओढले तर बोट ओले होऊन परत येई. ग्रंथपाल रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुस्तकांच्या पाठी पुसत होता. फडके दुपारपर्यंत ओले होई. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, म्हणून मुले त्याला पाठीमागे ‘कुलूपकाका’ म्हणत. हे त्याला ठाऊक होते आणि त्याचे त्याला वाईट वाटत नव्हते.

ग्रंथालयाला दार होते, परंतु ते मुलांसाठी नव्हते. मुलांसाठी खिडकी होती. खिडकीशी उभे राहून मुलाने आपले मागणे सांगायचे. पुस्तकाचे नाव सांगायचे नाही, नुसते मागणे: ‘समुद्राचं काही द्या’, ‘हसू येईल असं द्या’, ‘भावाला ताप आलाय, त्याला वाचून दाखवायचंय’. मग ग्रंथपालाने मुलाच्या तोंडाकडे एकवार नीट पाहायचे, आत जायचे आणि एक पुस्तक घेऊन यायचे. एकच. ते परत करताना मूल काही बोलत नसे, परंतु पुढचे मागणे कसे करते यावरून पुस्तक लागू पडले की नाही हे त्याला कळे. ही रीत कोणी घालून दिलेली नव्हती. ती त्याचीच होती, आणि तिच्यात तो मुरला होता.

आता खिडकीशी कोणी येत नव्हते.

“खिडकीला जाळी बसवून घ्या,” शिपाई म्हणाला. “मुलं येत नाहीत, निदान माश्या तरी येऊ नयेत.”

“पाऊस आहे. पावसात कोण येणार?”

“पाऊस पडवीत पडतोय का? जरा तिकडं बघा. धुण्याच्या दोरीखाली अख्खी शाळा गोळा झालीय.”

ग्रंथपालाने पाहिले नाही असे दाखवले. थोड्या वेळाने तो पाणी पिण्यासाठी उठला, आणि माठ जवळच्या कोपऱ्यात असताना लांबच्या नळाकडे गेला. कारण लांबच्या नळाची वाट पडवीवरून जात होती.

सत्राच्या आरंभी भूगोलाच्या नव्या बाई आल्या होत्या. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्यांनी आपल्या वर्गाबाहेरच्या पडवीत खांबापासून खांबापर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत तशी पुस्तके मध्यावर उघडून, चिमटे लावून टांगली होती. ज्याला जे हवे ते त्याने काढावे, उभ्या उभ्या वाचावे, घरी न्यावे, परत आणून टांगावे. विचारायचे नाही, सांगायचे नाही. त्यांतली निम्मी पुस्तके तर मुलांनीच लिहिलेली होती: कोणाच्या गल्लीची, कोणाच्या विहिरीची, कोणाच्या तापट काकाची. कागद दुमडून, जाड दोऱ्याने शिवून केलेली ती पुस्तके ग्रंथपालाने लांबूनच पाहिली. शिवण वाकडी होती. टाके एवढे लांब, की त्यांतून बोट जावे.

दोरीखाली त्याची मुलगी उभी होती. लहानपणापासून एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. नववीत होती. तिच्या तोंडात लाकडी चिमटा होता, दोन्ही हातांत पुस्तक होते, आणि ती टाचा उंच करून ते दोरीवर लावत होती. बाई मागून काहीतरी म्हणाल्या. भिंगरी हसली, आणि तोंडातला चिमटा खाली पडला.

आपल्यासमोर ती असे शेवटचे केव्हा हसली, हे तो नळावर पाणी पिता पिता आठवू लागला. आठवले नाही. पाणी मात्र सदऱ्यावर सांडले.

*

दर पावसाळ्यात शाळेची फाटकी पुस्तके तो घरी आणी आणि सारे घर त्यांच्या दुरुस्तीला बसे. बायको पातेल्यात खळ शिजवी आणि तीत मोरचुदाची चिमूट टाकी. मोरचूद नसेल तर त्या खळीवर कसर धावते, झुरळे धावतात, आणि चिकटवलेले पुस्तक वर्षाच्या आत भुसा होते. हे या घरात जेवणात मीठ लागते इतके उघड मानले जाई. ग्रंथपाल पाने जुळवी आणि शिवी. सुयांत दोरा ओवण्याचे काम भिंगरीचे. तिच्या बापाची नजर जवळची कधीच गेली होती. सुईचे भोक त्याला दिसत नसे, बोटांना जाणवत असे. म्हणून ती शाळेत जाण्याआधी सगळ्या सुया ओवून उशीत ओळीने खोचून ठेवी, आणि तो संध्याकाळी कामाला बसे तेव्हा एकेक उपसून घेई.

त्या संध्याकाळी उशीत सुया होत्या. दोरा नव्हता.

“भिंगरे,” त्याने हाक मारली.

“ती पायरीवर बसलीय,” बायको चुलीपाशी खळ ढवळत म्हणाली. “वाचतेय. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा घसा बसेल माझा.”

“काय वाचतेय?”

“मला काय ठाऊक. दोरीवरचं काहीतरी.”

त्याने स्वतःच सुई घेतली, दोरा ओठांत ओला केला आणि दिव्याकडे धरून भोक शोधू लागला. दोरा भोकाच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला. बायको पाहत होती.

“द्या इकडे.”

“राहू दे.”

“अहो, द्या. सुईशी कसला मान घेऊन बसलाय?”

“सुईशी नाही.” त्याने सुई उशीत खोचली. “तुला सांगतो, दोरीवर पुस्तक टांगणं म्हणजे माणसाला पाठीच्या कण्यावर टांगणं. शिवण सैल होते. चार महिन्यांत पानं गळतील. मग कळेल.”

“कोणाला कळेल?”

“सगळ्यांना.”

बायकोने पातेले उतरवले. “तुम्हाला पानं गळायची वाट बघायचीय की काय?”

भिंगरी आत आली ती बोटाने पान धरूनच. “बाबा, हे ऐका,” ती म्हणाली, “सहावीतल्या त्या बोबड्यानं लिहिलंय. त्याच्या काकाचं. काका रागावला की आधी स्वतःची टोपी फेकतो आणि मग तीच शोधत बसतो, आणि टोपी सापडेपर्यंत राग संपलेला असतो.” तिला हसू आवरेना. “बाई म्हणाल्या, शाळेत यापेक्षा चांगलं पुस्तक नाही.”

“शाळेत यापेक्षा चांगलं पुस्तक नाही,” ग्रंथपाल सावकाश म्हणाला. “बरं. बाईंनी शाळेतली सगळी वाचून पाहिली असतील.”

भिंगरीचे हसू थांबले. तिने पुस्तक मिटले. “सुया ओवायच्यात का?”

“ओवल्या तुझ्या आईनं.”

आईने मान वर करून उशीतल्या बिनदोऱ्याच्या सुयांकडे पाहिले.

*

मत्सराला लोक आग म्हणतात. तसे असते तर तो एकदा भडकला असता आणि विझला असता. ग्रंथपालाच्या बाबतीत तो मागच्या भिंतीच्या ओलीसारखा होता. दिसत नसे, आणि हात लावावा तेथे लागे. बाईंचा मोठा आवाज पडवीतून आला की त्याच्या हातातले फडके थांबे. मुले त्यांना ‘बाई, बाई’ म्हणत मागे धावत. त्याला इतक्या वर्षांत कोणी ‘काका’ म्हणत मागे धावले नव्हते, आणि याची त्याला आजवर खंत नव्हती. आता होती.

एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई आपणहून खिडकीशी आल्या. हातात वाटी होती.

“काका, एक मिनिट. मुलांनी खळ शिजवलीय, प्रयोगशाळेतल्या चुलीवर. गुठळ्या होत होत्या, आता जमलीय. तुमचा यात हात बसलेला आहे असं भिंगरी सांगत होती. बघा बरं, ठीक आहे ना?”

त्याने वाटीत बोट बुडवले, अंगठ्याने चोळले. खळ उत्तम होती. पांढरीशुभ्र, एकजीव. तिच्यात निळसर छटा नव्हती. मोरचूद नव्हता.

सांगायला चार शब्द पुरले असते. ते त्याच्या जिभेपर्यंत आलेही. परंतु बाईंच्या मागे, जराशी बाजूला, भिंगरी उभी होती आणि ती बापाकडे पाहत नव्हती. बाईंच्या तोंडाकडे पाहत होती, परीक्षेचा निकाल जणू तेथे लागणार होता.

“छान झालीय,” ग्रंथपाल म्हणाला.

“भीतीच वाटत होती मला. तुम्ही छान म्हणालात म्हणजे झालं.”

“बाबा,” भिंगरीने तोंड उघडले, “आपल्याकडं त्यात ते...”

“घंटा झाली,” तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. घंटा नंतर झाली.

*

भाद्रपद सरला तरी पाऊस होताच. बाईंना महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी जावे लागले. जाताना त्यांनी दोरी सोडली, सगळी पुस्तके नकाशांच्या रिकाम्या खोक्यांत भरली आणि खोकी पडवीत रचून ठेवली. ती हलक्या, पांढऱ्या लाकडाची चपटी खोकी होती. दोन दिवसांनी हेडसर ग्रंथालयात आले. ते बसून बोलत नसत. दारात एक पाय ठेवून बोलत.

“ती खोकी पडवीतून हलवा. पावसाचे शिंतोडे लागतायत. तुमच्याकडं ठेवून घ्या, बाई येईपर्यंत.”

“माझ्याकडं जागा...”

“एवढं टेबल आहे की. कोण बसतंय त्याच्यावर?”

हे बोलणे त्यांनी सहज केले आणि सहज निघून गेले. शिपायाने ते ऐकले होते. तो छताकडे पाहू लागला.

शाळा सुटल्यावर ग्रंथपालाने भिंगरीला थांबवून घेतले. बापलेकींनी मिळून खोकी आत आणली. दोघे दोन बाजूंनी उचलत, पावले मोजल्यासारखी टाकत. कित्येक दिवसांनी ती दोघे एक काम करत होती, आणि तिच्या नाकावर घाम पाहून त्याला बरे वाटले.

“टेबलावर ठेवायची ना?” तिने विचारले.

“टेबल वाचणाऱ्यांसाठी आहे.”

“मग?”

त्याने मागच्या भिंतीकडे हात केला. खोकी चपटी होती. कडेवर उभी केली तर कपाटामागच्या वितीत नेमकी बसत होती.

भिंगरी जागची हलली नाही. “तिथं? तिथं तर तुम्ही केरसुणीसुद्धा ठेवू देत नाही.”

“महिन्याचाच प्रश्न आहे.”

“भिंत ओली आहे, बाबा.”

“ओली आहे ती मला दिसते. लहान आहेस तू.”

त्याने एकेक खोके कडेवर उभे केले, गुडघ्याने रेटून आत ढकलले. शेवटचे जाईना, तेव्हा त्याने खांदा लावला, आणि ते लाकडावर लाकूड कुरकुरत आत बसले. मनात तो काय म्हणत होता हे सांगणे अवघड नाही. ओल लागली तर लागू दे. कसर लागली तर लागू दे. खळ तर गोड आहेच. त्याची स्वतःची कपाटे सुरक्षित होती. त्यांच्या पायांत वाट्या होत्या. इतकेच नव्हे, त्याच संध्याकाळी त्याने बादली आणून प्रत्येक वाटी काठोकाठ भरली आणि वर रॉकेलचे थेंब सोडले. भिंतीवरून कपाटावर जायला त्याने स्वतः लाकडी रस्ता करून दिला होता आणि आता तो रस्त्याखालच्या ओढ्याला पाणी भरत होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या केरसुण्या उचलल्या त्याला हे दिसले नाही. त्याला त्या वेळी फक्त बाईंची पुस्तके दिसत होती.

*

पुढचे दिवस त्याचे चांगले गेले. दोरी नव्हती, म्हणून मुले पुन्हा खिडकीशी येऊ लागली. सगळी नव्हे, पण आली. ‘भुताचं द्या.’ ‘विमानाचं द्या.’ तो तोंडाकडे पाही, आत जाई, एक घेऊन येई. सहावीतला तो बोबडा मुलगा आला आणि त्याने विचारले, “काका, माझ्या काकाचं पुस्तक कुठंय?”

“आत आहे. जपून ठेवलंय.”

“द्या ना.”

“बाई आल्यावर. तोवर हे घे.” त्याने एक जाड, सुंदर चित्रांचे पुस्तक पुढे केले. मुलाने ते घेतले, कारण नाही म्हणायचे कसे हे त्याला कळले नाही.

भिंगरीसाठी त्याने स्वतः निवडून एक पुस्तक घरी आणले. पहिल्या कपाटाच्या तळच्या खणातले, प्रवासाचे. ती आठ वर्षांची असताना त्या दोघांनी मिळून ते शिवले होते आणि पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला तिने चोरून आपले नाव लिहिले होते. त्याने ते तिच्या उशाशी ठेवले. ते तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी ते त्याच्या चपलांशेजारच्या फळीवर होते, परत न्यायच्या पुस्तकांत.

“वाचलंस?” त्याने विचारले.

“वाचेन.”

“परत ठेवलंयस.”

“बाबा,” ती म्हणाली, “ती खोकी टेबलावर काढू या का? मी काढते एकटी.”

“तुला त्या खोक्यांची फार काळजी.”

“पुस्तकं आहेत ती.”

“पुस्तकं आहेत म्हणे,” तो बायकोकडे पाहून म्हणाला. “आता ही मला पुस्तकं शिकवणार.”

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी घातलेला सदरा पुन्हा झटकला आणि पुन्हा घडी घातली. “तुमच्या पोरीचा हेवा करताय की त्या बाईचा, एकदा ठरवा,” ती म्हणाली. “म्हणजे मला कळेल कोणाची बाजू घ्यायची.”

त्या सुमारास ग्रंथालयात एक वास येऊ लागला होता, ओल्या मातीचा, किंचित आंबूस. त्याला तो आला. पाऊस आहे, तो म्हणाला, आणि फडके पिळले.

*

बाई परतल्या त्या दिवशी आकाश उघडले होते. त्या पेटी ठेवून तडक ग्रंथालयाकडे आल्या. मागोमाग पाचसहा मुले, त्यांत भिंगरी. हेडसरही दारात एक पाय ठेवून उभे राहिले. शिपायाने पहिले खोके ओढले.

ते आले नाही. वरची फळी त्याच्या हातात आली, बिस्किटासारखी मोडली. आत पुस्तके नव्हती. पुस्तकांच्या आकाराची माती होती, आणि ती माती हलत होती.

शिपायाने दुसरे ओढले. तिसरे ओढताना कपाटाची पाठ त्याच्याबरोबर आली. त्या खोक्यातून कपाटाच्या पाठीत, आणि पाठीतून तळच्या खणात, मातीच्या बोटभर जाड नळ्या गेल्या होत्या. ग्रंथपालाने कुलूप काढले. तळच्या खणातली पुस्तके ओळीने ताठ उभी होती, पाठी झळकत होत्या, त्यानेच काल पुसल्या होत्या. त्याने एक बाहेर काढले. हातात पाठ आली. बाकी सगळे पायावर सांडले.

खाली चारही वाट्या पाण्याने भरलेल्या होत्या.

बाईंनी मातीतून एक चिंधीसारखे काही उचलले. लांब टाक्यांचा जाड दोरा तेवढा शाबूत होता. त्याला वाळवी लागली नव्हती. त्या दोऱ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, “हे इथं कोणी ठेवलं?”

शिपाई छताकडे पाहू लागला.

“टेबल रिकामं होतं. मी पत्र लिहून विचारलं होतं हेडसरांना, ते म्हणाले, कोरड्या जागी आहेत. कोणी ठेवलं?”

“मी,” भिंगरी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

“मी ढकलली, बाई. मला वाटलं, तिथं बसतील. बाबा वाट्या भरत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.”

बाईंच्या चेहऱ्यात काहीतरी मिटले. “तू?” त्या म्हणाल्या. “ग्रंथपालांची मुलगी तू. तुला माहीत नव्हतं?”

भिंगरीच्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंतली होती, आणि ती बाईंकडे नव्हे, जमिनीकडेही नव्हे, बापाच्या पायांवर सांडलेल्या भुशाकडे पाहत होती.

जे त्याला पावसाळाभर हवे होते ते त्याला त्या क्षणी मिळाले. सगळ्यांदेखत मुलीने बाईंना सोडून बापाला धरले होते. त्याला ते कळले. ते त्याला गोड लागले, हेही खरे आहे; आणि त्या गोडीत तो जितका वेळ गप्प उभा राहिला तितक्या वेळात हेडसरांनी दुसरा पाय आत घेतला.

“तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती,” बाई म्हणाल्या.

“खोटं बोलतेय ती,” ग्रंथपाल म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “मी ढकलली. ती नको म्हणत होती. भिंत ओली आहे हे मला ठाऊक होतं. खळीत मोरचूद नव्हता तेही मला त्या दिवशी दिसलं होतं.”

“दिसलं होतं?”

“वाटीत बोट घातलं तेव्हाच.”

“आणि छान झालीय म्हणालात.”

“म्हणालो.”

बाईंनी दोरा बोटाभोवती गुंडाळला. “माझ्यावर राग होता तर मला बोलायचं होतं, काका. पोरांच्या पुस्तकांनी काय केलं होतं?”

सहावीतला बोबडा दारातून डोकावत होता. “माझा काका पण खाल्ला?” त्याने विचारले. कोणी हसले नाही.

हेडसर म्हणाले, “किल्ल्या टेबलावर ठेवा. ऊन आहे तोवर सगळं बाहेर काढा. बाकीचं नंतर बघू.”

त्याने कमरेचा जुडगा सोडला. गाठ ओलीने घट्ट झाली होती. सुटायला वेळ लागला, आणि सगळे थांबून राहिले.

*

दोन दिवस शाळा अंगणात होती. मुलांनी रांग धरली आणि हातोहात सगळी कपाटे रिकामी केली. सतरंज्यांवर, बाकांवर, पायऱ्यांवर पुस्तके उघडून पसरली गेली. ग्रंथपाल उन्हात ओणवा होऊन एकेकाची पाने ब्रशाने झाडत होता. पाठ पोळत होती, मानेवर घाम आणि माती यांचा चिखल झाला होता. मुले येता-जाता थांबत, एखादे पुस्तक उचलत, तेथेच मांडी घालून वाचू लागत. जी पुस्तके त्याने कधी कोणाच्या तोंडाकडे पाहून आणली नव्हती, नेमकी तीच उचलत. विमानाचे मागणारा मुलगा मधमाश्यांचे वाचत होता. ग्रंथपालाने ते पाहिले, आणि ‘ते तुझ्यासाठी नाही’ असे म्हणण्याची इच्छा त्याने ब्रशाने माती झटकावी तशी झटकली. ती पूर्ण झटकली गेली नाही.

“काका, आता खिडकीतून कोण देणार पुस्तकं?” एकीने विचारले.

“किल्ल्या हेडसरांकडं आहेत. त्यांना विचार.”

“ते दारातच उभे राहतात,” ती म्हणाली. “खिडकीशी येतील कसे?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको डोक्यावर पातेले घेऊन आली. खळ निळसर होती. तिने ती बाईंसमोर ठेवली. “चिमूटभर मोरचूद,” ती म्हणाली. “शिजताना नाही, उतरवल्यावर. आणि हात धुवायचे, विष असतं ते.” मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, “सांगायचं राहून गेलं होतं आमच्या घरातून.”

बाईंनी पातेले घेतले. त्या ग्रंथपालाशी अजून बोलत नव्हत्या. वाळवीतून वाचलेल्या, परंतु उसवलेल्या पुस्तकांचा ढीग पडवीत घातला होता. त्या ढिगाच्या एका बाजूला बाई बसल्या. दुसऱ्या बाजूला ग्रंथपाल बसला, कारण शिवणे त्यालाच येत होते. मध्ये भिंगरी येऊन बसली. तिने बापाशीही दोन दिवस कामापुरतेच बोलणे ठेवले होते.

बाईंनी पाने जुळवली आणि टाका घातला. लांब होता.

“जवळ घ्या,” ग्रंथपाल म्हणाला. “बोट जाईल एवढा नको.”

बाईंनी टाका उसवला. पुन्हा घातला. “असा?”

“आणखी जवळ.”

“असा?”

“असा.”

त्याने स्वतःची सुई उचलली, दोरा ओठांत ओला केला आणि उन्हाकडे धरला. भोक दिसले नाही. हात भुशाने कोरडे झाले होते, बोटांना जाणवलेही नाही. दोरा अलीकडून गेला, पलीकडून गेला. त्याने कोणाला हाक मारली नाही.

भिंगरीने उशी मांडीवर ओढून घेतली. एक सुई उपसली, डोळा बारीक केला, दोरा ओवला, गाठ मारली आणि ती बाईंच्या हातात दिली. मग दुसरी उपसली.

पहिली बाईंना गेली, हे त्याने पाहिले. ते त्याला बोचले. मग दुसरीची वाट पाहत त्याने हात पुढे केला.